कानावर न घेतलेली बातमी

हे घडलं दोन हजार चौदा सालच्या श्रावणात, खानदेशातल्या शिंदखेड्याजवळच्या एका गावात. नागपंचमी शुक्रवारी झाली आणि रविवारी कानबाई देवी बसायची होती. त्या वर्षी भाऊबंदांमधली पाळी भाईदासच्या घरची. म्हणजे सोमवारी सकाळी देवीचा पाट डोक्यावर घेऊन गात-नाचत नदीवर विसर्जनाला जायचा मान त्याच्या बायकोचा, रत्नाचा.

रत्नाला गाण्याचं वेड माहेरचं. बोदवडला तिची आई ताईबाई जात्यावर बसली की गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर आईनं गाणं उचलायचं आणि रत्नानं धरायचं. सासरी मात्र पहिल्याच महिन्यात सासऱ्यानं बजावलं, "हाई काय तमाशानं घर शे का?" तेव्हापासून ती चुलीपाशी ओठ मिटून गुणगुणत आली. वर्षातून एकच सकाळ मोकळी, कानबाईची. तीही दुसरीच्या गाण्यामागे झील धरण्यात जायची. लग्नानंतर तीस वर्षांनी पाट तिच्या डोक्यावर येणार होता.

ताईबाई तेव्हा महिनाभर अंथरुणाला खिळली होती. अंगावरून वारं गेलं होतं, बोलणं बंद झालं होतं. आठ दिवसांपूर्वी रत्ना भेटून आली, तेव्हा डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलंच होतं.

रविवारी सकाळी ती कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळत होती, तेव्हा फोन वाजला. धाकटा भाऊ, जीवराम. तिचे हात पिठातच थांबले. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवसांचं, आणि ते बातमी कानावर पडल्यापासून धरायचं. हे तिला ताईबाईनंच शिकवलं होतं. सुतकात देवीला हात लागत नाही. पाट जाऊबाईच्या, कुंदाबाईच्या डोक्यावर गेला असता.

तिनं फोन उचलला.

"अक्का, माय..."

"काही सांगू नको रे!"

"अक्का, ऐक तर खरं..."

"तुन्हा पाया पडस, जीवराम. उद्या दुपारले मीच फोन करसू. आज माले काहीच ऐकानं नही."

"बरं" म्हणून त्यानं फोन ठेवला. घरात तो एकच फोन. तिनं त्याची बॅटरी काढली आणि डाळीच्या डब्यात खुपसली.

"कोना फोन व्हता?" भाईदासनं विचारलं.

"राँग नंबर."

कुंदाबाई चौरंग पुसत होती. ती हसली. "मान भेटना ते फोनबी आवडेना का वं महाराणीले?"

रत्ना पीठ मळत राहिली. रडायलाही तिला भीती वाटत होती.

सोमवारी सकाळी डफ वाजला आणि तिनं पाट डोक्यावर घेतला. नारळाची देवी, तिची नथ, गजरे, सगळं सावरत ती गल्लीत उतरली. पहिलं गाणं आईचं म्हटलं, दुसरंही, आणि मग थांबलीच नाही. पाय जमिनीला टेकत होते की नाही, तिला कळत नव्हतं. फुगड्या घालणाऱ्या पोरी थांबून बघू लागल्या. सासरा काठी टेकून ओट्यावर उभा राहिला आणि या खेपेला गप्प बसला. कुंदाबाई जवळ येऊन म्हणाली, "बस कर वं, तोंडमाईन रगत निंघी!" पण झील तिनंच सगळ्यात मोठ्यानं धरली. गेलेल्या आईला आपण गातच पोचवतोय, असं रत्नाला वाटत होतं.

देवी नदीत सोडून आल्यावर तिनं डब्यातून बॅटरी काढली. फोन लावला. आता रडायला हरकत नव्हती.

"सांग भाऊ. माय कव्हय गई?"

"आत्ता," जीवराम म्हणाला. "तास झाला."

"मंग काल फोन कसाले करा व्हता?"

"काल सकाळी मायला वाचा फुटली होती, अक्का. उठून बसली. म्हणाली, आज कानबाई, रत्नाला फोन लाव, तिचं एक गाणं ऐकव. मी फोन स्पीकरवर टाकून तिच्या कानाशीच धरला होता. तू बोललीस ते तिनं ऐकलं."

"मंग?"

"मग काही नाही. भिंतीकडे तोंड करून निजली. पुन्हा बोलली नाही."

जीप करून ती बोदवडला पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. तिरडी बांधून तयार होती, फक्त तिच्यासाठी थांबले होते. बाया म्हणाल्या, आईच्या कानाशी काही तरी म्हण. तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.

पुढं भाऊबंदांत पुष्कळ चर्चा झाली. देवीला विटाळ झाला का, याचा काथ्याकूट करून शेवटी म्हाताऱ्यांनी ठरवलं की नाही झाला. रत्ना पाट घेऊन निघाली तेव्हा ताईबाई जिवंत होती. रीतीप्रमाणे सगळं बरोबर होतं.

सासरा दोन वर्षांनी गेला. भाईदासला आजही कळत नाही की एका फोनचं बायकोनं एवढं काय मनाला लावून घेतलं. जीवरामनं बहिणीला आखाजीला बोलावणं बंद केलं. पुढं तो घर विकून सुरतला गेला आणि पत्ता कळवला नाही. कुंदाबाई कोरोनात वारली. मरायच्या आधी तिनं रत्नाजवळ त्या सकाळची गाणी मागितली होती, निदान सुनांना तरी शिकव म्हणून. "माले येतस नहीत," रत्ना म्हणाली. ती अजून आहे, साठीला टेकली आहे. श्रावणातल्या त्या रविवारी ती रोट भाजते, आणि सोमवारी डफ वाजायच्या आत शेतावर निघून जाते.