बुरशी लागलेली लेन्स

अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचा एक तरी धड फोटो हवा, म्हणून आई लेकाला घेऊन जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली. म्हाताऱ्याला फ्लॅश सोसत नव्हता आणि खोलीत काळोख. म्हणून लेकाला आपल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी अंधुक उजेडातही चालणारी, मोठ्या काचेची लेन्स हवी होती. दुकानदाराने काढून दिलेली तशी एक लेन्स त्याने बसवली, डोळा लावला.

"आई, लख्ख दिसतंय!"

"अरे शहाण्या, तुझ्या कॅमेऱ्यात बघायची काच वेगळी नि लेन्स वेगळी. दिसणारच लख्ख!"

तिने लेन्स काढायला लावली आणि टॉर्चपुढे धरली. आत पांढऱ्या बुरशीची जाळी पसरली होती. तिने ती दुकानदाराच्या नाकापुढे धरली.

"त्यानं फोटोला जरा मऊपणा येतो, मावशी," दुकानदार म्हणाला.

"बुरशी आलेल्या पावालाही येतो. खाशील?"

तिने शेजारची लहानशी, स्वच्छ लेन्स उचलली.

"हिला जास्त उजेड लागतो गं," लेक कुरकुरला. "बाबांची खिडकी कुठे उघडते?"

"उघडेल! तिच्यापुढे रचलेली तुझी कॅमेऱ्यांची खोकी हलव आधी. बाप अंधारात कुजतोय आणि हा उजेड विकत घ्यायला निघालाय. शी!"