काठोकाठ प्याला

आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच ओततात. अर्धा प्याला म्हणजे बसा निवांत, संपला की पुन्हा ओतू, घाई कसली. काठोकाठ भरला तर समजायचं: प्या आणि चालते व्हा. आमच्या किर्गिझ गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. हेल्गाबाईंना कळत नव्हतं, आणि त्या आम्हाला मानवी हक्क शिकवायला आल्या होत्या.

मी ऊलकान, तालुक्याच्या एड्स केंद्रातली नर्स. अठरा वर्षं गोळ्या वाटते आणि तोंड बंद ठेवते. त्यातलं दुसरं काम जास्त जड.

बुरुल माझी पेशंट, चोवीस वर्षांची. नवरा मॉस्कोत बांधकामावर. एका हिवाळ्यात घरी आला, बायकोला हा आहेर दिला आणि परत गेला. ती गोळ्यांची बाटली चहापत्तीच्या डब्यात लपवायची. जागा नामी होती, कारण आमच्यात चहा ओतायचा तो सुनेनंच. किटली तिची, डबा तिचा, सासूसुद्धा हात लावत नाही. पण हा आजार घरात कळला, की सगळ्यात आधी सुनेच्या हातून किटलीच काढून घेतात. वरच्या आळीतल्या एका सुनेची किटली गेल्या साली पानगळीत गेली, आणि बर्फ वितळायच्या आत ती माहेरी. मूल सासरीच राहिलं. बुरुललाही चार वर्षांची मुलगी आहे.

हेल्गाबाईंच्या प्रकल्पाचं नाव होतं ‘गोपनीयतेचा हक्क’. आपली गोष्ट नीट गुप्त राखली जाते का, हे त्यांना बुरुलच्या घरी जाऊन बुरुललाच विचारायचं होतं.

मी म्हटलं, “केंद्रात बोलावते तिला.”

“घरी सेवा मिळणं हा तिचा हक्क आहे, असं म्हणतायत बाई,” दुभाषा एलदार म्हणाला. राजधानीतला पोरगेला माणूस, बुटांना धूळ लागली तरी कासावीस होणारा.

“मग गाडीवरची ती फीत तरी झाका.”

गाडी पांढरी, दोन्ही दारांवर कोकराएवढी लाल फीत, आणि खाली दोन भाषांत ‘एड्स’.

“ऊलकान एजे, नाही झाकता येत. ज्यांनी पैसे दिलेत त्यांचा नियम आहे, फीत लांबून दिसली पाहिजे.”

“दिसते की! डोंगरावरच्या मेंढ्यांनासुद्धा दिसते.”

तो हसला, पण भाषांतर काही केलं नाही. पत्ता त्यांच्या वहीत होताच. मी नाही म्हटलं असतं तर माझ्याशिवाय गेले असते, म्हणून चरफडत गाडीत बसले.

कालिपा आपा, बुरुलची सासू, दारातच उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “या, आत या.” चादर पसरली, कणकेचे तळलेले गोळे, बोरसोक, आले, साय आली, जर्दाळूचा मुरंबा आला. बुरुल खालच्या टोकाला किटली घेऊन बसली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

आम्ही टेकतो न टेकतो तोच शेजारची झूरा रिकामं भांडं घेऊन हजर. विरजण हवं होतं म्हणे. विरजण राहिलं बाजूला, बाई चादरीपाशी ठाण मांडून बसली.

हेल्गाबाईंनी कागद काढला. एलदार बुरुलच्या कानाशी कुजबुजला, “इथं सही करा, म्हणजे तुमचं नाव कुणाला कळणार नाही.” झूरानं मान लांब करून तो कागद वाचायचा प्रयत्न केला.

“काय गं कालिपा,” ती म्हणाली, “दारात एड्सची गाडी! कुणाला झालंय गं?”

बुरुलनं किटलीचं झाकण घट्ट दाबून धरलं. रक्तदाब तपासायला आलोय, ही थाप मी वाटेत घोटून ठेवली होती. ती ओठांवर येईना. अठरा वर्षं तोंड बंद ठेवायची सवय, नेमकं उघडायच्या वेळी उघडलं नाही. मला माझीच चीड आली.

आपांनी हात पुढे केला.

“आण ती किटली इकडे.”

संपलं, मला वाटलं. बुरुलनं मान खाली घालून किटली दिली. कधीतरी हे होणार, याची तिनं मनाशी तयारीच केलेली असावी.

आपांनी हेल्गाबाईंचा प्याला ओढला आणि भरला. अर्ध्यावर थांबल्या नाहीत, काठोकाठ. मग झूराचा भरला, इतका की चहा चादरीवर सांडला.

“घे झूरा. गरम आहे, पण तुझ्या तोंडाला सवय आहे.”

झूरा लालबुंद झाली. उठली आणि तरातरा निघून गेली, भांडं तिथंच विसरून. एलदारचे कान तापले.

“काय म्हणाल्या त्या?” हेल्गाबाईंनी त्याला विचारलं.

“प्या म्हणाल्या.”

बाई जीभ भाजत सगळा प्याला प्यायल्या आणि छातीवर हात ठेवून आभार मानले. पुढे त्यांच्या अहवालात आलं, “कुटुंबात भेदभाव आढळला नाही. सासूने स्वतः प्याला काठोकाठ भरून दिला.” प्रकल्प आणखी दोन वर्षं वाढला.

गाडी गेली. मी काही तिच्यात बसले नाही.

आपांनी किटली बुरुलच्या पुढ्यात ठेवली आणि आपला रिकामा प्याला धरला. “ओत. मला अर्धा. मी कुठं जात नाही, आणि तूही जात नाहीस.”

बुरुल ओतता ओतता रडायला लागली. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू?

फाटकापर्यंत आपा मला सोडायला आल्या.

“ऊलकान, चहापत्तीचा डबा कधी खुळखुळतो का गं?”

मी तोंड बंद ठेवलं.

“तीन हिवाळे ऐकतेय मी,” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेला बाटलीत कापूस कोंबून आण. झूराचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.”