जाळीचा झोळ

भिकनला आयुष्यात कोणी कधी काही निवडायला सांगितलं नव्हतं. गाव सोडायचं हे बापाने ठरवलं, सुरतला यायचं हे थोरल्या बहिणीने आणि लग्न कुणाशी करायचं हे मामाने. आणि आता चाळिशी उलटल्यावर इच्छापोरच्या कारखान्यातले गजेंद्रसाहेब दोन पिशव्या त्याच्यापुढे ठेवून म्हणत होते, "मशीन तू चलाता है, तो पसंद भी तू ही कर. एक रखेंगे, दूसरी वापस."

गवत कापायच्या मशीनला मागे अडकवायच्या पिशव्या होत्या त्या. एक कडक प्लास्टिकची पेटी, दुसरी जाड कापडाची, सळयांवर ताणलेली. कापलेलं गवत आणि झाडाखालचा पाला मशीन स्वतःच ओढून त्यात भरणार. कारखान्यात परदेशी पाहुणे यायचे होते आणि हिरवळीवरची बदामाची लाल पानं साहेबांना खुपत होती. पानं गळू नयेत असा हुकूम झाडाला देता येत नव्हता, म्हणून हा खटाटोप.

आजवर हे काम मालतीबाई करायची. मालतीबाई म्हणजे भिकनची तीच थोरली बहीण, त्याची जिजी. तो पुढे मशीन ढकलायचा, ती मागून खराटा मारत यायची. तिच्याकडे नेटच्या कापडाचा एक मोठा झोळ होता. पांडेसऱ्यात साड्यांची चिंधी मिळते, त्यातून निवडून तिने स्वतःच्या हाताने तो शिवला होता. माती खाली गळून जायची, पाला वर राहायचा. दुपारी दोघं बदामाखाली बसून भाकरी खायची आणि ती त्याला अजूनही स्वतःच्या फडक्यातली लसणाची चटणी जास्तीची वाढायची.

आधी ती पांडेसऱ्यातच कापड रंगवायच्या मिलमध्ये होती. तिथल्या वाफेने छाती धरली तेव्हा सुटली. नवरा कधीच गेला होता, मुलगा हैदराबादला जाऊन तिकडचाच झाला होता. तिला या वयात दुसरीकडे कोणी उभं करणार नव्हतं. मशीनने पाला गोळा केला, की मालतीबाई घरी बसणार, म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीत एकटी खोकत बसणार. हे भिकनला साहेबांचं वाक्य संपायच्या आत कळलं.

त्याने मागच्या कुंपणाशी दोन्ही पिशव्या लावून पाहिल्या. पेटीने पान न् पान उचललं, हिरवळ कशी पुसून घेतल्यासारखी झाली. कापडी पिशवीने मात्र दोन पावलांतच मान टाकली. पाला तोंडाशीच अडकला आणि उरलेला मशीनखालून बाहेर सांडला.

"साहब, कपडेवाली अच्छी है," भिकन म्हणाला. "पेटी भारी है, मोड़ पे अटकती है."

आयुष्यातली पहिली निवड, आणि तीही ठरवून चुकीची. पण त्याला हलकं वाटलं. पेटी दुकानात परत गेली. आता ही पिशवी सगळ्यांसमोर फसेल, साहेब वैतागून ती अडगळीत टाकतील आणि जिजीचा खराटा चालू राहील, असा त्याचा सरळ हिशेब होता. जिजीला त्याने यातलं अक्षर सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? भल्या माणसांना ही एक खोड असते, समोरच्याला वाचवायचं म्हणून अंधारात ठेवायचं.

पिशवी फसली. अगदी त्याने योजलं होतं तशीच फसली. पण साहेब पिशवीवर वैतागले नाहीत, भिकनवर वैतागले.

"पसंद किसने की? तूने! अब बोलता है चलती नहीं? मेहमान आने से पहले ये मुझे चलती हुई चाहिए. नहीं तो दूसरा आदमी देखता हूँ, जिसको मशीन आती है."

हे सगळं मालतीबाईसमोर झालं. लहान भावाला कोणी असं चारचौघांत झापलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. साहेब आत गेले. भिकन मशीनशेजारी मान घालून उभा राहिला. तिला वाटलं, हा आता रडतो. तिने खराटा खाली ठेवला आणि पिशवी उचलून तोंडाशी धरली, जोरात फुंकर मारून पाहिली.

"यामातून वारा कसा जाई रे?" ती म्हणाली. "वारा नही गया ते पाला कसा येई?"

"राहू दे जिजी. तू नको हात लावू."

"कसा राहू देऊ? तुन्ही नोकरी जाई ना!"

त्याने तेव्हा बोलायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही. पण म्हणायचं काय? मी तुझ्यासाठी मुद्दाम हरतोय, तू मला जिंकवू नकोस? ते त्याला जमलं नाही. तोवर मालतीबाईने बटव्यातली कात्री काढून झोळ मांडीवर पसरला होता. ज्या झोळावर तिचं पोट चालत होतं त्याचे तिने सरळ दोन तुकडे केले. जेवणाच्या सुट्टीत तिने भाकरीचं फडकंसुद्धा सोडलं नाही. पिशवीच्या दोन्ही बाजूंचं जाड कापड कापून तिथे नेट बसवलं. कापडात उभा जन्म गेलेली बाई ती, तिला त्यात अवघड काय होतं.

दुपारी साहेबांसमोर मशीन सुरू झालं. नेटमधून वारा भसाभस बाहेर पडला आणि बदामाची लाल पानं एकामागून एक आत गेली. मागे एक काडी राहिली नाही. मालतीबाईने आनंदाने टाळी वाजवली.

"क्या बात है!" साहेब खूश झाले. "बहोत बढ़िया, भिकन! अब पीछे झाड़ू का टंटा ही खतम. बाई को बोल दे, कल से आने की जरूरत नहीं."

बाई तिथेच उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते फोनवर बोलत निघून गेले.

मालतीबाईचे हात टाळीतच जुळलेले राहिले. मग तिने हळूहळू भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याने एवढी वाईट पिशवी का निवडली ते तिला उमगलं.

"तुले ठाऊक व्हतं?"

भिकनने होकारार्थी मान हलवली.

"मंग माले काबर नही सांगं, भाऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता. तो तिच्या पायांशी मटकन बसला आणि भरल्या डोळ्यांनी पिशवी ओढू लागला. हे नेट फाडून टाकतो, पुन्हा सगळं बिघडवतो, असं काहीतरी पुटपुटत होता. तिने त्याचा हात धरून बाजूला केला. पिशवीचा एक कोपरा धक्क्याने उसवला होता. तिने तो बोटांनी चाचपला आणि सुई त्याच्यापुढे धरली.

"सुईमा दोरा टाकी दे. माले दिसत नही."

"जिजी, नको."

"कच्चं ऱ्हायनं ते पाहुणासमोर उसवी. बोलनं तुलेच खावं लागी. टाक दोरा."

त्याने सुई घेतली. दोरा दोनदा चुकला, मग गेला. मालतीबाई बदामाखाली पाय पसरून बसली आणि तिने तो कोपरा दुहेरी टाक्याने घट्ट शिवून टाकला.