तीन नंबर लाईनीतली पहिली शिंक

पैज लागली ती नळावर, आणि लावली कोंडीरामनं. दुसरं कोण लावणार?

साल अडुसष्ट. त्या थंडीत पिंपरीच्या कामगार चाळींमध्ये एक नवाच ताप शिरला होता. पेपरात त्याचं नाव हाँगकाँग फ्लू. आता चाळीतला एक माणूस कधी हाँगकाँगला गेला नव्हता, मग हा पाहुणा आला कुठून, यावर रोज सकाळी बादल्यांच्या रांगेत वाद. एक नंबर लाईनीत दहा जण आडवे, दोन नंबरमध्ये पंधरा. तीन नंबरची लाईन तेवढी अजून ठणठणीत.

"आपल्यातली पयली शिंक कुणाची?" कोंडीरामनं बादली आपटून विचारलं. "माझ्या मतं सोपानरावांची. त्यांचं नाक ह्या नळासारखं, कवा सुटंल नेम न्हाई."

सोपानराव टर्नर होते, कोरेगावकडचे, आणि त्यांची मिशी त्यांच्याआधी वळणावर दिसायची. "माझ्या नाकाची काळजी नको राव," ते म्हणाले, "तू तुझी मिशी संभाळ. ज्याला पयली शिंक येईल त्याची अर्धी मिशी हितंच नळावर उतरवायची. आन तसंच चाळीसच्या चाळीस दारांपुढनं फिरायचं. हाय कबूल?"

"कबूल! खंडू, तू बी आलास ह्यात."

"माझी कुठं मिशी हाय काका?" खंडू गोदामात हमाल होता, नुकता बाविशीतला.

"हाय की. वठावर चहा सांडल्यावानी का होईना, हाय."

बायकांसकट सगळी रांग हसली. पंच नेमली गिरजाबाई. लाईनीतली अर्धी पोरं ह्याच सुईणबाईच्या हातात जन्मलेली. ती कपाळाला हात लावून ताप सांगायची, आणि डॉक्टर मागनं येऊन काचेची नळी लावून तेच सांगायचा.

दुसऱ्याच दिवशी कोंडीरामनं खंडूच्या टॉवेलात चिमूटभर तपकीर झटकली. खंडूनं ओळीनं सात शिंका दिल्या. कोंडीराम नाचायला लागला. पण गिरजाबाईनं खंडूच्या कपाळाला हात लावला आणि निकाल दिला, "ही बाजारातली शिंक. शिंकंसंगं कपाळ तापलं पायजे, तरच धरायची. आन कोंड्या, तुझं वय पंचेचाळीस का पाच?"

अशी गंमत चार दिवस चालली. पाचव्या दिवशी विलासच्या घरचं कळलं.

विलास दोन नंबर लाईनीतला. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. साधा ताप म्हणून तिनं दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना, आणि कळा सुरू झाल्या. पोर जन्मलं, पण रडलं नाही. तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नाकाला नळी लावून ठेवलं, आणि इकडं विलासबरोबर नदीकडं जायला कोंडीराम गेला. ते गाठोडं एवढंसं होतं की कोंडीरामनं एका हातात धरलं. मग त्यानं दुसराही हात लावला.

घरी आला तर दारात मंजुळा उभी. त्याची थोरली लेक. निघोज्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नववा नुकता लागला होता.

"अण्णा, काय झालं? तोंड असं का?"

"काय न्हाई. नदीवर वारं लई व्हतं," तो म्हणाला, आणि आत न जाता तसाच माघारी फिरला.

कोंडीराम औषधाच्या कारखान्यात होता, इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या खात्यात. त्यानं तडक तिथल्या डॉक्टरला गाठलं.

"गरोदर बाईला हा ताप इतरांपेक्षा जड जातो," डॉक्टर म्हणाले. "पोटानं छाती आधीच वर दाबलेली असते. ताप फुप्फुसात उतरला की श्वासाला जागा राहत नाही. आईला श्वास नाही म्हणजे बाळालाही नाही. मग कळा अवेळी येतात."

"मग एक इंजेक्शन द्या की साहेब. आपुन दिवसभर भरतो ती."

"ह्या तापाच्या विषाणूवर ते चालत नाही. वरून न्यूमोनिया झाला तर उपयोग, तोपर्यंत नाही."

"एवढ्या हजारो बाटल्यांतली एक बी न्हाई?"

"एकही नाही. पोरीला माणसांपासून लांब ठेव. शिंक, खोकला जवळ येऊ देऊ नकोस. बाकी माझ्या हातात काही नाही."

बारा वर्षं कोंडीराम त्या बाटल्या भरत होता. त्या खात्यात शिरायचं म्हणजे आधी चपला बाहेर, मग अंघोळ, मग कंपनीचे धुतलेले कपडे, कोपरापर्यंत साबण आणि नाकातोंडाला चार पदरी फडकं. बाटलीला बूच लागेपर्यंत तिच्यावर कुणाचा उघडा श्वास पडायचा नाही. पडला, की अख्खी बॅच रिजेक्ट. कोंडीरामनं सगळ्या कारखान्याच्या खोड्या काढल्या, पण ह्या एका कामात कधी हयगय केली नव्हती.

संध्याकाळी त्यानं चुना कालवला आणि स्वतःच्या दारापुढं हातभर रुंद पट्टा ओढला. शेजारी बादली, कार्बोलिक साबण, आणि बायकोच्या, सुभद्राच्या, जुन्या लुगड्याची उकळून वाळवलेली फडकी.

"ही आपली लेक म्हंजे बूच न लावलेली बाटली," त्यानं सुभद्राला सांगितलं. "महिनाभर हे भरणी खातं."

"आन खुळ्याचं इस्पितळ कुठं हाय?" सुभद्रा म्हणाली. पण विलासच्या बायकोचं तिनंही ऐकलं होतं. तिनं गुपचूप फडकं बांधलं.

पहिली अडवली गेली ती गिरजाबाईच. मंजुळाला आंबट खावंसं वाटतंय म्हणून ती चिंचगुळाची आमटी घेऊन आली होती. पांढरा पट्टा बघून थांबली. कोंडीराम आतून म्हणाला, "मावशे, तितंच. वाटी भायेरच ठेव."

म्हातारीचा चेहरा बदलला.

"कोंड्या," ती हळू आवाजात म्हणाली, "रेघेच्या भायेर उभं ऱ्हायाला मी गाव सोडलं व्हय? गावात आमाला वरनं पाणी वतायचे. तू जलमला न्हवतास तवापासनं मी भायेर उभी हाय. आता बाबासायबांचा फोटू भिंतीला लावून तू बी रेघ वढतोस?"

शेजारच्या दारांतून माना बाहेर आल्या होत्या. कोंडीराम आत गेला, आपलं अंथरूण गुंडाळलं, डबा आणि तांब्या घेतला आणि पट्टा ओलांडून गिरजाबाईशेजारी येऊन उभा राहिला.

"आता बघ. मी बी भायेर. आजपासनं ओट्यावर झोपीन. आत फक्त सुभद्रा. आन कळा लागल्या की तू, हात धुऊन, फडकं बांधून. बाप असून मी सुदीक जाणार न्हाई. ही रेघ माणसाला न्हाई मावशे. तापाला हाय."

गिरजाबाईनं वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "फडकं कसं बांधत्यात, दाव."

चार दिवस सगळं नीट चाललं. कोंडीराम ओट्यावर थंडीत कुडकुडायचा आणि आतल्या मंजुळाशी खिडकीतून गप्पा हाणायचा. त्याची खात्री झाली होती की तीन नंबर लाईनीत ताप नाहीच. कुणी शिंकलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी नळावर खंडूनं सुभद्राची भरलेली घागर उचलून तिच्या कमरेवर दिली. चांगलं पोरगं. नेहमीच देई. पण आज त्याच्या डोक्याला मफलर आणि डोळे लालभडक. कोंडीरामनं त्याच्या दंडाला धरलं आणि हात चटकन मागं घेतला. चुलीवरचा तवा बरा.

त्यानं सुभद्राच्या कमरेवरून घागर काढून तिथंच ओतून दिली, तिला हात धुवायला पिटाळलं आणि खंडूला सायकली लावतात तिथं ओढत नेलं.

"कवापासनं?"

"परवापासनं," खंडूनं खाली बघितलं. "काका, सांगू नका. रविवारी माणला पोरगी बघाय जायाचंय. अर्धी मिशी घेऊन गेलो तर हाकलून देत्याल."

"शिंका?"

"येत्यात की. गोदामात पोत्यांमागं जाऊन देतो."

"आजून कोण हाय असं?"

खंडू म्हणाला, "सोपानराव ज्वारीच्या कणगीत डोकं घालून शिंकत्यात. म्या डोळ्यानं बघितलं. वरनं काकींनी गोधडी धरलेली."

कोंडीरामला हसू फुटलं. सोपानराव, कणगी, वरून गोधडी! पोट धरून हसला, आणि हसता हसताच थांबला. ताप लाईनीत केव्हाच आला होता. कणगीत होता, पोत्यांमागं होता, नळाच्या तोटीवर होता, सुभद्राच्या घागरीवर होता. माणसं तो लपवत होती, आणि का लपवत होती, तर कोंडीरामनं पैज लावली म्हणून. इकडं दारापुढं चुन्याचा पट्टा, आणि तिकडं मागच्या बाजूनं त्यानंच भगदाड पाडून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गर्दी ऐन भरात असताना त्यानं पितळी थाळी बडवली. त्याआधी पाठ फिरवून तपकिरीची सणसणीत चिमूट ओढली होती. सगळे त्याच्याकडं वळले आणि कोंडीरामनं अशी शिंक दिली की नळावरच्या चिमण्या उडाल्या.

"हारलो!" तो ओरडला. "गिरजामावशे, बघ कपाळ!"

गिरजाबाई आली. तिनं हात ठेवला. कपाळ माठासारखं गार होतं. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. मग त्याच्या नाकपुडीवर राहिलेला तपकिरीचा कण पदराच्या टोकानं पुसला आणि गर्दीकडं वळली.

"ताप हाय," ती म्हणाली. "सणसणून हाय."

"पैज संपली!" कोंडीराम म्हणाला. "अर्धी मिशी माझी जाणार. आता शिंकायला कुणाच्या बाचं भ्या न्हाई. ऐका नीट. विलासच्या घरी काय झालं तुमाला ठावं हाय. ते पोरगं मी ह्या दोन हातांनी मातीत ठेवलं. आपल्या लाईनीत तीन पोटुशा हायेत. माझी मंजुळा एक, आणखी दोन घरं. ज्याला ताप हाय त्यानं आता बोला. आज लपवलं तर उंद्या त्यांच्या पोटातल्याला भरावं लागंल."

मागच्या बाजूनं, तीन दिवस दाबून ठेवलेली, सोपानरावांची शिंक सुटली. त्या पाठोपाठ आणखी दोन. "माझी बी एक हाय काका," खंडू बारीक आवाजात म्हणाला.

मोजले तर अकरा निघाले.

कामगार कल्याणचा हॉल रिकामाच होता. अकरा जणांच्या वळकट्या तिकडं निघाल्या. बारावी कोंडीरामनं उचलली. गिरजाबाईनं त्याला बाजूला घेतलं.

"तुला काय धाड भरलीय? तू कशाला जातोस मरायला?"

"मी घरी बसलो तर समद्यांला कळंल ना, शिंक खोटी व्हती म्हणून. मग सोपानराव परत कणगीत. आन तितं पेज कोण शिजवंल, तुझा बाप?"

"आन मंजीच्या टायमाला?"

"तू हायेस."

हॉलमध्ये त्यानं पेज शिजवली, पाणी उकळलं, कपडे उकळले आणि तोंडाला फडकं बांधून अकरा जणांना शिव्या घातल्या. पण पाचव्या दिवशी त्याला खरोखरची शिंक आली, आणि रात्रीपर्यंत अंग भाजून निघालं. सोपानराव तोवर उठून बसले होते. ते त्याला चमच्यानं पेज भरवू लागले.

"राव," ते म्हणाले, "गिरजाबाईनं तुझ्या कपाळाला हात लावला तवा मी जवळच व्हतो. तुला ताप न्हवता. खरी पयली शिंक ह्या खंडूची, दुसरी माझी. मिशी तुझी कशापायी?"

"पंचाचा निकाल हाय," कोंडीराम गोधडीतून म्हणाला. "फिरवायचा न्हाई. आन ह्या पोराला पोरगी मिळू द्या आधी."

नवव्या दिवशी पहिल्या पाळीचा भोंगा झाला आणि लाईनीत धावपळ सुरू झाली. मंजुळाच्या कळा. बाकीच्या दोघींपैकी एकीला मधे ताप येऊन गेला होता. सगळ्यांनी जीव मुठीत धरला होता, पण ती त्यातून उठली. मंजुळाला काहीच झालं नव्हतं. हॉलच्या खिडकीतून घराचं दार दिसायचं, आतलं दिसायचं नाही. गिरजाबाई कोपरापर्यंत हात धुऊन, फडकं बांधून पट्टा ओलांडून आत गेली, एवढं कोंडीरामनं बघितलं. मग तीन तास तो गजांना धरून उभा राहिला. अंगात ताप होता. सोपानराव बस म्हणाले, तो बसला नाही.

शेवटी सुभद्रा बाहेर आली आणि लांबूनच ओरडली, "नात झाली!"

"रडली का?" कोंडीराम गजांतून ओरडला. "आधी ते सांग. रडली का?"

"रडली म्हंजे? समदी लाईन उठवली की!"

तेव्हा तो बसला.

डॉक्टरांनी कोंडीरामला हॉलमधून सोडलं त्या रविवारी आबाजी न्हावी नळावर पेटी घेऊन आला. तीन लाईनींची माणसं जमली होती. विलास आला होता. त्याची बायको दवाखान्यातून घरी आली होती. अजून चार पावलांवर दम लागत होता, म्हणून गिरजाबाईनं तिला आपल्या दारात बाजलं टाकून दिलं होतं. खंडू हुकलेल्या रविवारचं बघणं उरकायला माणला गेला होता, आहे त्या मिशीसकट.

"कुठली बाजू?" आबाजीनं विचारलं.

"डावी. आन हलक्या हातानं, वीस वर्षं पाणी घातलंय तिला."

आबाजीनं वस्तरा फिरवला. ओठाच्या डाव्या बाजूला गार वारं लागलं. सोपानरावांनी आरसा धरला, पण त्यांचेच हात हसून हलत होते. पोरांनी डबे बडवले. कोंडीराम उठला, धोतर झटकलं आणि एक नंबरच्या दारापासून निघाला. प्रत्येक दाराला रामराम नाहीतर जयभीम, जसं दार तसं. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

सतरावं दार त्याचं स्वतःचं. चुन्याच्या पट्ट्यापाशी तो थांबला. डॉक्टरांनी बाळापासून अजून दोन दिवस लांब राहायला सांगितलं होतं. मंजुळा उंबऱ्याच्या आत उभी होती, तोंडाला फडकं. तिनं दुपट्यातली पोर दोन्ही हातांनी उचलून धरली.

"बघ गं, आजा. अर्धाच हाय."

पोरीनं तोंड एवढं मोठं उघडलं आणि भोकाड पसरलं. कोंडीराम पट्ट्याच्या बाहेर दोन्ही हात मागं बांधून उभा होता. हात पुढं येऊ नयेत म्हणून त्यानं ते घट्ट धरून ठेवले होते.

"चला राव," मागून सोपानराव म्हणाले, "अजून तेवीस दारं हायेत."

"चला," कोंडीराम म्हणाला, आणि अठराव्या दाराकडं निघाला.