दोन वेढ्यांपुरती चांदी

मी चकाकणारा दगड आहे, पण चांदी नाही. हे आधीच सांगतो, कारण ते वेळेवर न कळल्याने एकदा अनर्थ होता होता राहिला.

अरवलीच्या डोंगरात, कधीच्या बंद पडलेल्या खाणींपाशी, मी टाकाऊ ढिगात पडून होतो. नाथद्वाऱ्याला निघालेली सानपाड्याची बस तिथं पंक्चर झाली आणि खाली उतरलेल्या प्रवाशांपैकी कमळाकरांनी मला उचललं.

"एवढासा, आनि केवढा जड!" ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मला कुणी निरखून पाहिलं नव्हतं.

सानपाडा गावातल्या घरी माझी परीक्षा सुरू झाली. कमळाकरांनी मला दोऱ्याला बांधून पाण्यात सोडलं, वजनं वहीत लिहिली. तुटलेला कोपरा भिंगाखाली धरला, तर आत पायऱ्यांसारखे चौकोन. 'चांदी असावी,' असं त्यांनी लिहिलं. 'असावी' वहीतच राहिलं. घरभर नुसती चांदी झाली. शेजारचे जोतीराम तर दारातूनच ओरडले, "शेठ, आता आमाला वलख देशील ना?"

खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो.

कमळाकरांची नात मनस्वी तेव्हा पाच महिन्यांची होती. सकाळी तिची अंघोळ झाली की आजी, पुतळाबाई, सहाणेवर बाळगुटी उगाळत. वेखंड झालं, जायफळ झालं, आणि त्यांनी मला फळीवरून उतरवलं.

"आई, बाबांना विचारलंत?" सून नमिता म्हणाली.

"त्यांना इचारला तं पोरीचा लगीन होईल तवर वहीतच लिवत बसतील! सोना उगालतात, तशी चांदी. दोनच वेढे."

दोन वेढे झाले. दूध मिसळलं. चमचा बाळाच्या ओठांपाशी गेला.

तेवढ्यात कमळाकर आले. त्यांची नजर सहाणेवर गेली आणि त्यांनी चमचा हाताने उडवला.

"अहो!"

"रेघ बघ, काली हाय! चांदीची पांढरी उठते. हा शिसा हाय, पुतळा. इख हाय इख!"

नमितानं मनस्वीला छातीशी घट्ट धरलं. ओठ कोरडे होते, तरी तिनं ते तीनदा पुसले.

पुतळाबाईंनी सहाण दूर सारली. "तुमीच तं बोल्लात चांदी."

कमळाकरांनी सांडलेलं दूध फडक्यानं पुसलं. मग म्हणाले, "हो. मीच बोल्लो."

सहाण त्याच दिवशी टाकून दिली गेली. माझ्या पोटात कणभर चांदी असेलही. भट्टीशिवाय ते कुणालाच कळायचं नाही. पण माझी रेघ काळी उठली, याचं मला दुःख नाही. पांढरी उठली असती, तर तो चमचा कुणी अडवला नसता.

आता मी काचेच्या बंद बरणीत, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो. वर चिठ्ठी आहे: 'शिशाचा दगड. हात लावू नये.' मनस्वी कपाटाला धरून उभी राहू लागली आहे. ऊन आलं की मी चकाकतो, आणि ती हसून हात वर करते.

नको गं बाळा. मला लांबूनच बघ.