नळी कुणी निवडावी

रायफल माझी, परवाना माझा, खांदाही माझाच. पण रायफलला नळी कोणती बसवायची हे ठरवत होता माझा नवरा सुबोध, आपल्या दोन मित्रांना घेऊन, दर शनिवारी कॅमेऱ्यासमोर बसून.

पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत मी पहिल्यांदा रायफल खांद्याला लावली होती. मग लग्न झालं, सुबोधच्या नोकरीमागून एनस्खेडे या डच शहरात आले, आणि कितीतरी वर्षं प्रत्येक गणपतीत, प्रत्येक हळदीकुंकवात मी फक्त 'सुबोधची मिसेस' होते. शेजारच्या बाईंनी एकदा नेमबाजीच्या क्लबात नेलं आणि मी तिथलीच झाले. तिथे लोकांना माझं नाव नीट उच्चारता येत नाही, पण शलाकाच म्हणतात. कुणाची कोण, हे विचारत नाहीत. या देशात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं, म्हणून त्या परवान्याला मी जिवापाड जपत आले.

परवान्याच्या अटी कडक. रायफल घरच्या तिजोरीत हवी आणि तिजोरीची किल्ली फक्त परवानाधारकाकडे. ती कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणालाही माहीत असता कामा नये, नवऱ्यालाही नाही. पोलीस न सांगता येऊन तपासतात. इथे चूक झाली तर परवाना गेलाच.

लॉकडाऊनमध्ये क्लब बंद पडला. त्याच सुमारास गुडघे दुखतात म्हणून तिथल्या एका आजोबांनी नेमबाजी सोडली आणि त्यांची जुनी रायफल मी घेतली. एका वेळी एकच गोळी घालायची, झाडायची, मग दुसरी घालायची. सुबोध बोलतो त्याच्या अगदी उलट. तिचा बाकीचा भाग ठणठणीत होता, नळी मात्र झिजलेली. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने माझ्या मापाचा नवा लाकडी दस्ता करायला घेतला आणि विचारलं, नळी कोणती बसवू? हे मी जेवताना घरात बोलले. तिथेच फसले.

"थांब, घाई करू नकोस," सुबोध म्हणाला. "आधी रिक्वायरमेंट्स लिहून काढू."

हा माणूस आयुष्यात एकदाच क्लबात आला होता. पहिल्या आवाजाला दचकला आणि उरलेला वेळ कँटीनमध्ये कॉफी पीत बसला. आता त्याच्याकडे नळ्यांचा तक्ता तयार झाला: लांबी, जाडी, पोलाद, गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळाचा वेढा. घरात दार असलेली खोली एकच, तिच्यात बसून तो हे करायचा आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझं ऑफिस चालवत डाळ शिजते का बघायचे. शनिवारी लायडनहून श्रीनिवास आणि ग्रोनिंगनहून आशुतोष पडद्यावर हजर. दोघांनीही बंदूक पाहिली होती ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराकडे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं ते सगळं चाललं होतं.

"वहिनी, स्टेनलेसच घ्या," श्रीनिवास म्हणाला. "आमच्या शैलाची स्टीलची भांडी बघा, वीस वर्षांत डाग नाही."

"आणि फ्युचर-प्रूफ हवं," आशुतोष म्हणाला. "उद्या वहिनींना लांबचं मारावंसं वाटलं तर?"

"पन्नास मीटरवर निशाणा असतो," मी म्हटलं. "त्याच्या पलीकडे मातीचा बांध आणि बांधापलीकडे गाई. लांबचं काय मारू?"

"तरी सर्वांत लांब आणि सर्वांत जाडच घेऊ," सुबोध म्हणाला. "किंमत जवळजवळ तीच पडते. मग कमी का घ्यायचं?"

हा आमच्या लोकांचा जुना आजार. त्याच पैशात मोठा मिळतो म्हणून मोठा फ्रिज आणला, तो जिन्यातून वर येईना. खिडकी काढून आत घ्यावा लागला. मी समजावलं, "अरे, मी उभ्याने मारते. नळी जड झाली की पुढून ओझं येतं आणि हात थरथरतो."

"व्हॅलिड पॉइंट," सुबोध म्हणाला. "पार्किंग लॉटमध्ये टाकू या, नंतर बघू."

माझा हात पार्किंगमध्ये टाकून ते तिघं पुन्हा पिळाच्या वेढ्याकडे वळले. नंतरही मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! मला राग येत होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. माझ्या हाताबद्दल मला विचारावं हे तिघांतल्या एकालाही सुचलं नाही.

वसंत संपत आला आणि क्लब उघडणार असल्याची बातमी आली. एका दुपारी सायकल काढली आणि थेट कारागिराकडे गेले. दुकानात शिरायला बंदी होती, म्हणून त्याने मागच्या अंगणात टेबल मांडलं आणि वेगवेगळ्या नळ्यांच्या रायफली एकेक करून माझ्या हातात दिल्या. मी डोळे मिटून रायफल उचलायचे, खांद्याला लावायचे आणि डोळे उघडून टोक कुठे गेलंय ते बघायचे. लांब, जाड नळी खाली झुकत होती. फार हलकी असली की वाऱ्याने डुलत होती. मध्यम लांबीची, साध्या काळ्या पोलादाची एक मात्र जिथे लावली तिथेच राहिली. "ही," मी म्हटलं. मंडईत वांगी निवडायला मला याहून जास्त वेळ लागतो.

रायफल तयार झाली, पोलिसांनी परवान्यावर चढवली आणि एके दिवशी ती आमच्या तिजोरीत येऊन बसली. घरी मी बोलले नाही. तिघंही आनंदात होते. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याच्या हातातलं पीठ कशाला काढून घ्या?

क्लब उघडण्याच्या आधीच्याच शनिवारी बेल वाजली. दारात मास्क लावलेला पोलीस. घरात कुणाला खोकला आहे का ते विचारून आत आला आणि म्हणाला, तिजोरी बघायची आहे. सगळं नियमात होतं, तरी मी धावत जाऊन परवाना आणला. तेवढ्यात खोलीचं दार उघडून सुबोध बाहेर आला, हेडफोन गळ्यात, चेहऱ्यावर घरमालक.

पोलिसाने त्यालाच इंग्रजीत विचारलं, "तिजोरीची किल्ली कुठे असते, तुम्हाला माहीत आहे?"

या प्रश्नाचं बरोबर उत्तर एकच: नाही. मी डोळे मोठे केले, मान हलवली. पण सरकारी माणसासमोर 'माझ्या घरातलं मला माहीत नाही' म्हणायचं म्हणजे सुबोधच्या खानदानाची अब्रू गेली असती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"ऑफ कोर्स," तो हसून म्हणाला. "माझ्या घरातलं मला सगळं माहीत असतं."

पोलिसाची भुवई वर गेली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "दाखवा," तो सुबोधला म्हणाला.

गेला परवाना, गेला क्लब, पुन्हा आपण मिसेस. सुबोध रुबाबात स्वयंपाकघरात शिरला. त्याने वरचं कपाट उघडलं, तिथे कप. खालचं उघडलं, तिथे कांदे. मग ओव्हनमध्ये वाकून पाहिलं, का ते देव जाणे. शेवटी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळला.

"अगं, आपले पोहे कुठे असतात?"

मी फडताळाकडे बोट दाखवलं. त्याने पोह्यांच्या डब्यामागे हात घातला आणि विजयाने किल्ली वर धरली. पोलीस ती घेऊन तिजोरीकडे गेला. किल्ली कुलपात शिरतच नव्हती. ती सायकलींच्या शेडची होती.

मी गळ्यातली दोरी बाहेर ओढली. मंगळसूत्र मी सणावारी घालते, ही किल्ली मात्र आंघोळीलाही काढत नाही. तिजोरी उघडली. पोलिसाने नळीवरचा नंबर परवान्याशी पडताळला आणि मान डोलावली.

"तुमच्या नवऱ्याला खरोखरच काही माहीत नाही," तो मला डच भाषेत म्हणाला. "उत्तम. असंच राहू द्या."

तो गेला आणि मी खुर्चीत बसले. त्याच्या ज्या अज्ञानावरून इतकी वर्षं डोकं आपटलं, त्यानेच आज मला वाचवलं होतं. सुबोध उघड्या तिजोरीसमोर उभा होता.

"ही नळी कुठली? आपलं तर अजून शॉर्टलिस्टच चाललंय."

"माझी आहे. मी निवडली." मग राहवलं नाही. "परवाना जात होता, कळलं का तुला? तुला घरातली एक वस्तू सापडत नाही म्हणून वाचला."

त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे वाचला तो माझ्यामुळेच ना?"

खोलीतून श्रीनिवासचा आवाज आला, काय झालं म्हणून. सुबोध आत गेला. "काही नाही रे," तो सांगत होता, "पोलीस आला होता, मी हँडल केलं. आणि हो, बॅरल फायनल झाली. मध्यमच घेतली आपण."

मी तिजोरी बंद केली, किल्ली गळ्यात घातली आणि पोह्यांचा डबा उचलून दुसऱ्या फडताळात ठेवला.