सातशेला बारा कमी

"किती?" सूनबाईंनी विचारलं.

"सहाशे अठ्ठ्याऐंशी."

"आणि पास व्हायला?"

"सातशे. दर वेळी सातशेच लागतात," मुलगा म्हणाला आणि बुटाची नाडी सोडायच्या ऐवजी तिला आणखी एक गाठ मारून बसला.

ही पाचवी खेप. माझा मुलगा सेहेचाळीस वर्षांचा. एका मोठ्या रुग्णालयात नेटवर्क सांभाळतो. म्हणजे तिथले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात, ते बोलणं बंद पडू द्यायचं नाही, हे त्याचं काम. बावीस वर्षं त्याने ते बिनबोभाट केलं. मग नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं, की ज्याच्याकडे नेटवर्कचं सर्टिफिकेट नाही त्याच्या हातात सर्व्हर रूमची किल्ली राहणार नाही. वर्षभराची मुदत. तोवर पास झाला नाही, तर तळमजल्यावर हेल्प डेस्कला बसून फोन घ्यायचे. मुलाला त्या थंडगार, घरघरणाऱ्या खोलीवाचून करमत नसे. सुट्टीच्या दिवशीही "जरा बघून येतो" म्हणून जायचा, जसं काही तिथे कुणी आजारी नातेवाईक ठेवलाय.

परीक्षा केंद्रातल्या बाई आता त्याला ओळखू लागल्या होत्या. खिसे उलटे करा, बाह्या वर घ्या, चष्मा काढून दाखवा, हे सगळं तो त्यांनी सांगायच्या आधीच करायचा. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "या, तुमची खिडकीजवळची जागा रिकामी ठेवलीय." ते त्याला नापास होण्यापेक्षा जास्त लागलं.

अभ्यासात कसूर नव्हती. नववीतली नात त्याचा अभ्यास घ्यायची आणि मी शेजारी भाजी निवडत ऐकायची.

"एका मजल्यावरचं नेटवर्क अचानक बंद पडलं," ती वाचायची. "सगळ्यांत आधी काय कराल? अ, वापरणाऱ्यांकडून माहिती घ्याल. ब, नोंदी तपासाल. क, केबल तपासाल. ड, वरिष्ठांना कळवाल."

"केबल."

"चूक. अ."

"अगं, दहातल्या नऊ वेळा फरशी पुसताना मावशींचा मॉप लागून प्लग निघालेला असतो. माहिती कसली घेऊ? माहिती देणारा माझ्या अंगावर ओरडत असतो."

"बाबा, पुस्तकात मावशी नाहीत."

"मग तिथली फरशी कोण पुसतं?"

दुखणं इथेच होतं. पुस्तकातल्या त्या आदर्श माणसाचं आम्ही निर्मळराव असं नाव ठेवलं होतं. निर्मळराव कधी वाकत नाहीत, त्यांच्या गुडघ्याला धूळ लागत नाही, त्यांच्यावर कुणी खेकसत नाही. ते आधी माहिती घेतात, मग लिहून ठेवतात, मग विचार करतात. घरात मिक्सर अडला तरी सूनबाई म्हणायच्या, "थांबा, निर्मळरावांना आधी माहिती घेऊ दे." सगळे हसायचे. मुलगाही हसायचा, पण परीक्षेत जाऊन केबलच तपासायचा.

त्या सहाशे अठ्ठ्याऐंशीच्या संध्याकाळी मात्र कुणी हसलं नाही. तो पुस्तक उघडून नुसता बसला होता. सूनबाई त्याला धीर द्यायला गेल्या आणि नेमकं नको तिथे बोट ठेवलं.

"अहो, आईंनी तुमच्यासाठी सुपरवायझरची खुर्ची सोडली. त्या मानाने एक परीक्षा म्हणजे काय मोठं?"

ही आमच्या घरातली जुनी गोष्ट. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. हिचा प्लग तिकडे, तिचा इकडे. मला सुपरवायझर करत होते, पण तेव्हा चार वर्षांच्या मुलाला गोवर निघाला, म्हणून मी ती जागा नाकारली, असं मी सांगत आले होते. लग्नकार्यात सांगितलं, शेजारणींना सांगितलं, मुलाला गणितात कमी मार्क पडले की हमखास सांगितलं.

मुलाने पुस्तकावर डोकं टेकलं. मला ते बघवेना.

"मी खुर्ची सोडली नाही," मी म्हटलं. "मी नापास झाले. तीनदा."

सूनबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

मग सांगावंच लागलं. आमच्याही परीक्षेत नऊ ठरलेली वाक्यं होती. त्यापलीकडे शब्द बोलायचा नाही. परीक्षक पलीकडून घाबरलेला माणूस बनून फोन करायचे: वडील अत्यवस्थ आहेत, लाइन लागत नाही, लवकर करा. मी म्हणायची, "घाबरू नका, लावून देते हं." हे वाक्य नऊमध्ये नव्हतं.

"तिन्ही वेळा तेच बोललीस?" मुलाने डोकं वर केलं.

"दुसऱ्या वेळी 'घाबरू नका' गाळलं होतं. 'हं' राहिला."

"आणि माझा गोवर?"

"गोवर खरा होता. तिसऱ्या निकालाच्या आठवड्यात निघाला. सोयीचा पडला."

"आई, दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळत होती ती मी घेतली नाही. म्हटलं, हिने माझ्यासाठी एवढं सोडलं, तर मी हिला सोडून कसा जाऊ? एका गोवरापायी मी बावीस वर्षं इथे बसलोय."

मी कोथिंबिरीची जुडी ओढून घेतली आणि निवडलेलीच पुन्हा निवडू लागले.

"म्हणजे हे घराण्यातच आहे," नात म्हणाली. "मी आत्ताच सांगून ठेवते, माझ्याकडून कुणी अपेक्षा करू नका."

आधी सूनबाईंना हसू फुटलं. मग मुलाला. हसता हसता त्याने डोळे पुसले, ते पाणी हसण्याचंच होतं असं मी धरून चालते.

सहाव्या वेळी तो शीळ घालत गेला. मुदतीचा शेवटचा आठवडा होता.

"सहाशे एक्याण्णव," आल्यावर म्हणाला.

"तीन वाढले," नातीने हिशेब केला. "या चालीने नवव्या वेळी पास."

"केबलचा प्रश्न आला होता?" मी विचारलं.

"आला होता. निर्मळराव काय म्हणतील ते पाठ होतं, त्यांच्या उत्तरावर बाणही नेला. मग वाटलं, तिकडे वॉर्डातल्या सगळ्या स्क्रीन काळ्या झाल्यात आणि मी माहिती घेत बसलोय. हात वळला नाही. शेवटी केबलच."

एक तारखेला त्याने किल्ली दिली. नव्या बाई सर्टिफिकेटवाल्या, वयाने लहान, पण नीट वागल्या. त्याने त्यांना खोलीभर फिरवून मॉप लागतो तो प्लग दाखवला. त्यांनी तो लिहून घेतला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा आवाज पार बसलेला.

"किती फोन आले?" नातीने विचारलं.

"बासष्ट."

"सगळ्यांना काय सांगितलंस?"

"बंद करून चालू करा."

तो जेवला. ताट उचललं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"आई, दिवसभर बोलून तुझा घसा बसायचा तेव्हा तू काय करायचीस?"

इतक्या वर्षांत त्या खुर्चीबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं. कामाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"घसा बसूच द्यायचा नाही. आधी ताठ बस. आवाज पोटातून काढायचा. आणि वाक्य संपलं तरी श्वास संपवायचा नाही, थोडा शिल्लक ठेवायचा. हं, बोल."

"नमस्कार, हेल्प डेस्क."

"घाई करतोयस. पुन्हा."

"नमस्कार, हेल्प डेस्क."

"हनुवटी जरा खाली," मी म्हटलं. त्याने ती खाली घेतली.